एमसीबी वायर वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतो

"डीबीत सगळे एमसीबी नवेकोरे आहेत, शॉक लागायचा प्रश्नच येत नाही." पावसाळा सुरू झाला, भिंतींना ओल आली की आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी हे वाक्य बोलतंच. बोलणारा शिकलेला असतो. बिल्डरच्या माणसाने चावी देताना डीबीचं, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या पेटीचं, झाकण उघडून ओळीने लावलेले खटके दाखवलेले असतात, आणि तेवढ्यावर त्याचा विश्वास बसलेला असतो. याच विश्वासावर लोक ओल्या हाताने गिझर लावतात, म्हणून हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा खटका, बहुतेकांना माहीत असतो. पूर्वीच्या चिनीमातीच्या फ्यूजची जागा त्याने घेतली. लोड वाढला की आतली पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो, शॉर्ट झालं की कॉइल क्षणात तो पाडते. त्यावरचा १६ हा आकडा १६ अँपिअरचा, आणि ती मर्यादा भिंतीतल्या वायरला झेपेल एवढ्याच करंटची. बी कर्व्ह की सी कर्व्ह (म्हणजे शॉर्टला किती पट करंटवर खटका पडतो), सिंगल पोल की डबल पोल (फक्त फेज तोडतो की न्यूट्रलही), यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. घरातल्या माणसाच्या जिवाशी त्याचा फारसा संबंध नाही.

आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका, डीबीत त्याच ओळीत बसतो आणि तसाच दिसतो. ओळखायची खूण एकच, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. नावावरून भांडू नका. फेजमधून जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत पाहत असतो. कमी आला, तर बाकीचा दुसऱ्या वाटेने जमिनीत चाललाय, आणि ती वाट एखाद्या माणसाचं शरीर असू शकते. घरासाठीच्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असं छापलेलं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरासाठी हीच मर्यादा आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवला असेल तर तो आग टाळायला उपयोगी, माणसासाठी नाही. शेजारी छापलेला ४० किंवा ६३ अँपिअर हा आकडा तो किती करंट वाहू शकतो ते सांगतो. तेवढ्याला तो पडत नाही, लोड कितीही झाला तरी पडत नाही. म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच.

आता खरा घोटाळा. एमसीबी शॉकपासून का वाचवत नाही, याचा हिशोब एकदा मांडून बघा. ओल्या अंगाच्या, अनवाणी उभ्या माणसाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. २३० व्होल्टला हात लागला तर त्याच्या अंगातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट जाईल. साधारण ३० मिलिअँपिअरच्या पुढचा करंट काही काळ छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने पाव अँपिअर म्हणजे कुणीतरी टेबलफॅन लावला. माणूस तडफडत असताना तो शांतपणे चालू राहील. त्यात बिघाड काहीच नाही, तो या कामासाठी बनवलेलाच नाही.

"पण अर्थिंग आहे ना?" हा पुढचा प्रश्न. अर्थिंग हवंच, पण नुसत्या अर्थिंगवर एमसीबी वेळेत पडेलच असं नाही. समजा गिझरचं एलिमेंट फुटलं, फेज बॉडीला लागला, आणि अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम आहे. करंट होईल ४६ अँपिअर. सी कर्व्हचा १६ अँपिअरचा एमसीबी तात्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो तापून पडेल, पण त्यात कित्येक सेकंद जातील. अर्थिंगचा खड्डा सुकून रोध २० ओहम झाला असेल तर करंट साडेअकरा अँपिअर, आणि एमसीबी कधीच पडणार नाही. दोन्ही वेळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सेकंदाच्या एका अंशात पडतो. अर्थिंग तुटलेलंच असेल तर मात्र तो पडण्यासाठी कुणाचा तरी हात लागावा लागतो. झटका बसतो, पण सुटका होते.

आरसीसीबीलाही एक मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब. जेवढं गेलं तेवढं परत आलं.

आता 'टी' बटण. ते दाबल्यावर खटका पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, असं सर्रास सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. ते बटण आरसीसीबीच्या आतच खोटी गळती तयार करतं. घरात अर्थिंगची वायरच नसली तरी खटका पडेल. अर्थिंग मीटरनेच तपासायचं. पण या बटणाचा एक उपयोग आहे जो कुणी सांगत नाही: ते दाबा, खटका पडू द्या, आणि मग घरभर फिरून काय चालू राहिलंय ते बघा.

आमच्या फ्लॅटचा ताबा घेतल्यावर मी हेच केलं. दिवे गेले, पंखे थांबले, फ्रिज बंद झाला. बाथरूममधल्या गिझरचा लाल दिवा मात्र तसाच जळत होता. परवानाधारक वायरमनने डीबी उघडली तेव्हा कळलं, की गिझर आणि ओट्यावरचे पॉवर पॉइंट यांच्या वायरी आरसीसीबीच्या आधीच, थेट मेन स्विचवरून उचलल्या होत्या. कारणही सापडलं. ओट्यावरच्या सर्किटचा न्यूट्रल एका जंक्शन बॉक्समध्ये अर्थच्या वायरला जोडलेला होता, म्हणून साइटवर आरसीसीबी सारखा पडत असणार. चूक शोधायला भिंतीतले बॉक्स उघडावे लागले असते. त्यापेक्षा पाण्याजवळची सर्किटं संरक्षणाच्या बाहेर काढणं सोपं पडलं.

मला सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा येतो. आरसीसीबी पडतो म्हणून 'डायरेक्ट' करणं, आणि एमसीबी पडतो म्हणून १६ काढून ३२ टाकणं. दुसऱ्या प्रकारात अडीच स्क्वेअर एमएमची वायर भिंतीत भाजत राहते आणि एमसीबीला पत्ता लागत नाही. पहिल्या प्रकारात जीव जातो. आरसीसीबी पडत असेल तर एकेक सर्किट बंद करून बघा, मेगर (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) लावा, कुठे न्यूट्रल अर्थला लागलाय, कुठे दोन सर्किटांचे न्यूट्रल मिसळलेत ते शोधा. माझ्या मते गिझरला स्वतंत्र आरसीबीओ हवा. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकाच खोक्यात येतात, आणि तो पडला तरी सगळं घर अंधारात जात नाही.

बिल्डरकडून हे विनाखर्च दुरुस्त करून घेता येतं, हेही लोकांना माहीत नसतं. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकाम, कारागिरी, दर्जा किंवा सेवांमधला दोष दाखवून दिला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायची जबाबदारी बिल्डरची आहे. नाही केला तर महारेराकडे तक्रार करता येते. फोनवर बोलू नका, लेखी द्या. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा तपासणी अहवाल जोडा, झाकण उघडलेल्या डीबीचे फोटो जोडा, आणि 'वायरिंग खराब आहे' असं मोघम न लिहिता कुठलं सर्किट आरसीसीबीच्या बाहेर आहे ते लिहा. डीबी स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकाला फेज जिवंत असतो.

मी दिलेल्या पत्रात तीनच ओळी होत्या आणि सोबत अहवाल. बिल्डरची माणसं आली, जंक्शन बॉक्स उघडले, न्यूट्रल वेगळे केले, दोन्ही सर्किटं आरसीसीबीच्या खाली आणली. ती जाण्याआधी मी गिझर लावायला सांगितलं आणि 'टी' दाबलं. या वेळी लाल दिवाही गेला.