सोनेरी वानर आणि राठ केसांचा ससा

नाशिककरांचा ससा म्हणजे काळ्या मानेचा, लांब कानांचा, माळावर उड्या मारत पळणारा. हिमालयाच्या पायथ्याचा राठ केसांचा ससा त्याच्याशेजारी ठेवला तर ओळखूच येणार नाही. कान आखूड, जेमतेम 5-6 सेंटीमीटर, वजन अडीच किलोच्या आसपास, अंगावर ब्रशसारखे ताठ केस. मागचे पाय फार लांब नाहीत, त्यामुळे उघड्यावर पळून जीव वाचवणं त्याला जमत नाही. बिळंही तो स्वतः खणत नाही. उंच, दाट गवत हेच त्याचं घर. गवताच्या काडीचं वरचं आवरण सोलून तो आतला कोवळा गाभा खातो.

1839 मध्ये या सशाचं शास्त्रीय वर्णन झालं. तेव्हा उत्तर प्रदेशाच्या तराईपासून, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल भागापासून, आसामपर्यंत गवताळ पट्टा होता. पुढे तिथे शेती आणि वस्ती आली आणि पट्ट्याचे तुकडे झाले. 1960 च्या दशकात तर हा ससा संपलाच, अशी समजूत होऊ लागली होती. नंतर आसामात तो पुन्हा आढळला.

सोनेरी वानर शास्त्राला फारच उशिरा कळलं. निसर्गअभ्यासक ई. पी. जी (Gee) यांनी 1953 मध्ये त्याचा शोध घेतला आणि 1956 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एच. खजुरिया यांनी त्याच्या शास्त्रीय नावात जी यांचंच नाव घातलं. पश्चिमेला संकोश नदी, पूर्वेला मानस नदी, दक्षिणेला ब्रह्मपुत्रा, उत्तरेला भूतानचे डोंगर, एवढाच त्याचा मुलूख. पानं, फळं खाणाऱ्या या प्राण्याला फांदीला लागून फांदी हवी. मध्ये रस्ता आला की ते जमिनीवर उतरतं आणि गाडीखाली किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. उघड्या वीजतारांचा धोका वेगळाच.

दोघेही संकटग्रस्त, दोघेही मानसच्या परिसरात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. वानरासाठी तुटलेली झाडोऱ्याची सलगता जोडावी लागते. तीच झाडं गवताळ भागात लावली तर ससा बेघर होतो. वणवा पूर्ण थांबवला तरी काही ठिकाणी गवतात झुडपं, मग झाडं घुसतात.

म्हणून तिथे गवत जाळलंच जातं, आणि चूक होते ती जाळण्याच्या पद्धतीत. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या वणव्यात उन्हाळ्याच्या तोंडावर अख्खा उतार काळा पडतो, तसं सगळं गवत एकदम पेटलं तर सशाला लपायला जागा उरत नाही. पिल्लं तर जागीच होरपळतात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी, आखून एका वर्षी एक पट्टा जाळायचा आणि त्याला लागूनच उंच गवताचा मोठा पट्टा तसाच राखायचा. पुढच्या वर्षी पाळी बदलायची, आणि नव्या गवताला पुरेशी उंची येईपर्यंत त्यात गुरं सोडायची नाहीत.