ताप उतरला, तरी सिस्टर नाडी का मोजतात?

डेंग्यूच्या पेशंटचा ताप उतरला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. चौथा-पाचवा दिवस असतो, अंग थंड लागतं, पेशंट उठून बसतो आणि डिस्चार्ज कधी मिळणार याची विचारपूस सुरू होते. पावसाळा सरता सरता बेळगावच्या दवाखान्यांत खानापूर, यळ्ळूर, उचगाव, निपाणी आणि हद्दीपलीकडच्या चंदगडहूनही पेशंट येतात. खाटेपाशी प्रश्न एकच असतो, "सिस्टर, पेशी किती झाल्या?"

प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचा, आकडा महत्त्वाचा आहेच, पण सगळं लक्ष त्याच्यावरच ठेवलं तर दुसरी गोष्ट नजरेतून सुटते. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो आणि साधारण 24 ते 48 तास टिकतो. बरेच पेशंट त्यातून सुखरूप निघतात. काहींच्या बाबतीत मात्र या काळात केशवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर पोटात आणि छातीत साठतो. नळ्यांमधलं रक्त कमी पडलं की शरीर लगेच हार मानत नाही. हृदय जोरात पळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यामुळे रक्तदाबाचा वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि खालचा चढतो.

समजा, सकाळी 10 वाजता बीपी 112/72 आणि नाडी 88 आहे. दुपारी 2 वाजता बीपी 108/78, नाडी 100. संध्याकाळी 6 वाजता 104/84 आणि 116. यातला कुठलाही एक बीपी सुटा दाखवला तर कुणीही "ठीक आहे" म्हणेल. ओळीने वाचा. वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर 40 वरून 30 वर आणि मग 20 वर आलं आहे, आणि नाडी चढत गेली आहे. डेंग्यूत हे अंतर 20 किंवा त्याहून कमी होणं ही शॉक, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडणं, सुरू झाल्याची खूण मानतात. पेशंट त्या वेळी शुद्धीवर असतो, कधी कधी गप्पाही मारत असतो. सिस्टर त्याच्या बोटाचं नख दाबून सोडतात ते यासाठीच. रंग दोन सेकंदांत परतला नाही आणि हात गार लागले, तर तक्ता जे सांगतोय त्याला दुजोरा मिळतो.

या तीन नोंदी बहुधा एकाच माणसाच्या हातच्या नसतात. मध्ये ड्युटी बदललेली असते. सकाळच्या सिस्टरना संध्याकाळचा आकडा दिसत नाही आणि संध्याकाळच्या सिस्टरनी सकाळी पेशंट पाहिलेला नसतो. दोघींना जोडणारा तो कागद असतो. म्हणून नर्सिंगमधलं लिखाण मी उपचाराचाच भाग मानते. त्याला कारकुनी काम म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी हजारो पेशंटांच्या तापाच्या नोंदी ठेवून 1868 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ताप किती आहे याच्याइतकंच तो कसा चढतो-उतरतो हे बघायचं, ही रीत तेव्हापासून पक्की झाली.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा श्वासाचा. मोठ्या माणसाचे श्वास विसाव्याच्या वेळी मिनिटाला 12 ते 20 असतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की पेशींना प्राणवायू पुरत नाही, रक्तात आम्ल वाढतं आणि ते कमी करण्यासाठी मेंदू फुप्फुसांना जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला लावतो. म्हणून बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वासाची गती वाढू शकते. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणली आणि 2017 मध्ये सुधारली ती, नाडी, बीपी, श्वास अशा आकड्यांना गुण देऊन धोका ओळखण्याची पद्धत बघा. तीत मिनिटाला 25 किंवा जास्त श्वास असतील तर त्या एकाच गोष्टीला सर्वाधिक, म्हणजे 3 गुण आहेत. अशा पेशंटला तातडीने तपासायचं, बाकी आकडे कितीही बरे असोत.

तरीही हा आकडा मोजण्याऐवजी अंदाजाने लिहिला जातो, हे जगभरचं दुखणं आहे. कारण मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं आणि वॉर्डात मिनिटाला फार किंमत असते. शिवाय "आता तुमचा श्वास मोजते" म्हटलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. जुन्या सिस्टरांची युक्ती सोपी आहे. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर हळूच छातीकडे न्यायची आणि घड्याळ धरून श्वास मोजायचे. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चालू आहे. म्हणून सिस्टर हात धरून उभ्या असतील तेव्हा त्यांच्याशी बोलू नका.

आकडे यंत्र देतं. पेशंटला काय होतंय ते मात्र त्याच्याच तोंडून यावं लागतं, आणि आमच्या सीमाभागात ती वाट सरळ नाही. जांबोटी-कणकुंबीकडची आजी फक्त मराठी बोलते. तिच्या खाटेपाशी बागलकोटकडची कन्नड बोलणारी किंवा केरळहून आलेली सिस्टर असते. मध्ये दुभाष्या म्हणून उभा राहतो कन्नड शाळेत शिकणारा नातू. सिस्टर विचारतात, लघवीला जळजळ होते का, अंगावरून जातं का? नातू लाजतो. आजी त्याच्यासमोर "काय नाही" म्हणते. कागदावर "तक्रार नाही" अशी नोंद पडते. असे प्रश्न घरच्या पोराकरवी विचारू नयेत. वॉर्डातली मराठी येणारी मावशी किंवा दुसरी सिस्टर दोन मिनिटांसाठी बोलवावी आणि पडदा ओढून घ्यावा.

दुखण्याचंही तसंच. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, असं विचारलं की खेड्यातला म्हातारा गोंधळतो. तोच माणूस आपणहून सांगतो, "कालच्यापेक्षा बारा आणे कमी आहे, चार आणे दुखालंय." ही सोळा आण्यांची मोजपट्टी त्याला आयुष्यभर पाठ आहे. मला वाटतं, सिस्टरनी त्याच मापात विचारावं आणि त्याचेच शब्द अवतरणात लिहावेत. "पोटदुखी, बरी आहे" या नोंदीतून पुढच्या ड्युटीला काही कळत नाही. "सकाळी आठ आणे म्हणाले, दुपारी बारा आणे" यातून दुखणं वाढतंय हे कळतं.

नोंदीचा मूळ नियम इतकाच की दिसलं, ऐकलं, मोजलं ते वेळेसकट लिहायचं. "रात्र चांगली गेली" असं लिहिण्याऐवजी "2 वाजता जागा, दोन उलट्या, अंदाजे 200 मिली, पिवळसर." औषध दिल्यावर लगेच लिहायचं, देण्याआधी कधीच नाही. चुकलं तर एक रेघ मारून सही करायची, खाडाखोड करून मूळ मजकूर लपवायचा नाही. इन्सुलिनच्या डोसापुढे इंग्रजी यू अक्षर लिहू नये. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि 10 चे 100 होतात. "युनिट" हा शब्द पूर्ण लिहावा. फोनवर डॉक्टरांनी डोस सांगितला तर लिहून घेऊन परत वाचून दाखवावा. एकाच वॉर्डात दोन पाटील असणं आपल्याकडे नेहमीचं, म्हणून "तुम्ही पाटील ना?" असं विचारू नये. कमी ऐकू येणारा माणूस मान डोलावून मोकळा होतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणावं आणि नोंदणी क्रमांक ताडून बघावा.

"समजलं का?" हाही असाच फसवा प्रश्न. उत्तर ठरलेलं, "हो सिस्टर." त्यापेक्षा गोळ्या हातात देऊन विचारावं, "आजी, घरी गेल्यावर ही कधी घेणार? जेवणाआधी की नंतर? सांगा बघू मला." आजीने चुकीचं सांगितलं तर दोष सांगणाऱ्याचा धरावा आणि पुन्हा सांगावं.

आता घरच्यांचा वाटा. खाटेला लावलेला पाणी-लघवीचा तक्ता पुष्कळदा नातेवाइकांमुळे बिघडतो, आणि कोणी ते मुद्दाम करत नाही. भांडं परस्पर ओतून येतात, नारळपाणी पाजलेलं सांगत नाहीत. मूत्रपिंडांना रक्त नीट मिळतंय का, हे लघवीवरून कळतं. मोठ्या माणसाला तासाला वजनाच्या दर किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हावी लागते. 60 किलोच्या पेशंटला तासाला 30 मिली, म्हणजे दिवसाला 720. शॉकच्या काठावरच्या पेशंटला सलाईन वाढवायची की थांबवायची, हे ठरवताना हा आकडा लागतो. कमी दिलं तर शॉक, जास्त दिलं तर तेच पाणी फुप्फुसांभोवती साठतं. भांडं ओतण्याआधी सिस्टरना दाखवा. ग्लासाने काय पाजलं ते वेळ घालून कागदावर लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल.

आणि एक गोष्ट भरती होतानाच सांगा. गावातल्या दवाखान्यात आधी "तापाचं इंजेक्शन" झालेलं असतं. ते डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक असेल तर डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांचंही तसंच, म्हणून डेंग्यूत तापासाठी पॅरासिटामॉलच देतात. रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या फेकू नका, पिशवीत घालून आणा. इंजेक्शन कशाचं होतं ते ठाऊक नसेल तर त्या डॉक्टरांना दवाखान्यातूनच फोन लावा, नाव आणि वेळ विचारा, आणि सिस्टर ते केस पेपरवर लिहून घेईपर्यंत तिथेच थांबा.