आहार-प्रश्नावली

आहार-प्रश्नावली : प्रौढ माणूस नेहमी काय खातो, किती खातो आणि किती वेळा खातो, हे ठरावीक प्रश्न विचारून मोजण्याची पद्धत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा खाण्याशी असलेला संबंध शोधताना पोषणशास्त्र या पद्धतीवर फार विसंबून असते. तिच्यातला सगळ्यात अवघड शब्द ‘नेहमी’ हा आहे. एका दिवसाचे ताट वजनकाट्यावर ठेवता येते. पण बुधवारी मटण, सोमवारी उपवास आणि श्रावणात महिनाभर वशाट (मांसाहार) बंद, अशा घराचे ‘नेहमीचे’ जेवण कुठल्याच एका ताटात सापडत नाही.

मोजण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली, मागच्या २४ तासांत खाल्लेले सगळे आठवून सांगण्याची. दुसरी, जेवता जेवता लिहून किंवा वजन करून ठेवण्याची. तिसरी वारंवारितेची : पदार्थांची यादी समोर ठेवून प्रत्येक पदार्थ रोज, आठवड्यातून की महिन्यातून किती वेळा खाता आणि एका वेळी किती घेता, हे विचारायचे. बर्था बर्क यांनी १९४७ मध्ये मांडलेली आहार-इतिहासाची पद्धत हा तिसऱ्या रीतीचा पूर्वज म्हणता येईल. हार्वर्डमधील वॉल्टर विलेट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ६१ पदार्थांची प्रश्नावली १७३ परिचारिकांच्या वजन करून ठेवलेल्या नोंदींशी ताडून पाहिली. त्यानंतर मोठ्या अभ्यासांत ही रीत रुळली. भारतात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरोने ग्रामीण पाहण्यांसाठी २४ तासांच्या आठवणीची पद्धत वापरली. उत्तरांचे पोषकद्रव्यांत रूपांतर करायला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टके लागतात. २०१७ च्या आवृत्तीत ५२८ खाद्यपदार्थ आहेत.

परक्या ठिकाणची यादी जशीच्या तशी उचलून चालत नाही, हे कोल्हापुरात लगेच कळते. यादीत ‘चटणी’ असा एक शब्द असला, तर इथली गृहिणी बिनदिक्कत ‘रोज, दोन्ही वेळा’ असे सांगेल. तिच्या मनात असते ती उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली, वर्षभर बरणीत राहणारी कांदा-लसूण चटणी : मिरची, सुके खोबरे, तीळ, खडा मसाला, मीठ आणि तेल. ती आमटीत जाते, कालवणात जाते, मटणातही जाते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मात्र ताटाच्या कडेला वाढलेली ओली चटणी असते. मग कागदावर रोज दोन चमचे ओल्या चटणीची नोंद होते आणि बरणीतले तेल-मीठ कुठेच येत नाही. ‘माळवं’ म्हणजे भाजीपाला, ‘कोरड्यास’ म्हणजे सुकी भाजी, ‘वशाट’ म्हणजे मांसाहार. हे शब्द प्रश्नावलीत असायलाच हवेत, कारण माणूस आपले जेवण स्वतःच्या शब्दांतच आठवतो.

जिल्हाही एका ताटाचा नाही. शहरात चपाती आणि ज्वारीची भाकरी. पश्चिमेला आजरा, चंदगड, गगनबावड्याकडे भात आणि नाचणी. नुसते ‘भाकरी’ विचारले तर मोठी चूक होते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच ज्वारीत ३० मिलिग्रॅमच्या आत. दुधाचेही तसेच. कोल्हापूर शहरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा २५० मिलिलिटरचा पेला घेतला, तर साडेसहा टक्के स्निग्धांश धरून पोटात सुमारे १६ ग्रॅम चरबी जाते. कोष्टकात गाईचे दूध धरले तर दहाच ग्रॅम दिसेल.

चांगली मुलाखत एका दमात होत नाही. आधी काही न टोकता सगळे सांगू द्यायचे, मग हमखास विसरणाऱ्या गोष्टी काढायच्या, मग वेळ आणि ठिकाण, मग प्रमाण, शेवटी पुन्हा एक फेरी. ‘काल दुपारी काय जेवलात, काकी?’ याचे उत्तर बहुधा ‘भाकरी-आमटी’ एवढेच येते. ‘आणि तोंडी लावायला?’ असे विचारले की खरडा निघतो, खरड्यावर ओतलेले तेल निघते, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा निघतो. चार वाजताचा चहा तर चौथ्या फेरीशिवाय बाहेर येत नाही. प्रमाणासाठी ग्रॅम विचारणे व्यर्थ. त्या घरातलीच वाटी, पळी आणि डाव मागून घ्यावेत, पाणी भरून मोजावेत. सर्वांत अवघड जातो रस्सा. तांबडा-पांढरा वाटीने येतो आणि पुन्हा पुन्हा वाढला जातो. मिसळीचा कटही तसाच. किती वाट्या झाल्या हे खाणाऱ्याला खरोखर आठवत नाही, तो लपवत नसतो.

तेलासाठी वेगळी वाट धरावी लागते, कारण ते शिजवणारीला माहीत असते, जेवणाऱ्याला नसते. पाच माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे २७ मिलिलिटर पडते. पण ही सरासरी घराची, माणसाची नव्हे; रोज बाहेर नाश्ता करणारा मुलगा आणि उपवास धरणारी आजी तिच्यात एकसारखेच दिसतात.

वारंवारितेचे गणित सोपे आहे. आठवड्यातून दोनदा, एका वेळी १०० ग्रॅम मटण म्हणजे रोजचे २९ ग्रॅम. श्रावणाचा महिना वगळला की २६. म्हणून प्रश्न ‘गेल्या वर्षभरात’ असा हवा आणि सण, उपवास, गुऱ्हाळांचा हंगाम, पाहुणचार यांची आठवण प्रश्न विचारणाऱ्यानेच करून द्यायला हवी.

एवढे करूनही उत्तर कमीच येते. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये ४८४ प्रौढांची सांगितलेली ऊर्जा आणि विशेष खुणेच्या पाण्याने (ज्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन शरीरातून बाहेर पडताना ओळखता येतात असे पाणी पाजून) मोजलेला शरीराचा खरा ऊर्जाखर्च यांची तुलना झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वारंवारिता-प्रश्नावलीत पुरुषांनी ३१ ते ३६ आणि स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्के कमी सांगितले; २४ तासांच्या आठवणीत ही तूट पुरुषांत १२ ते १४, स्त्रियांत १६ ते २० टक्के होती. त्यामुळे एका माणसाला ‘तू रोज इतक्या कॅलरी खातोस’ असे प्रश्नावलीवरून सांगणे मला अन्यायाचे वाटते. कोण जास्त खातो आणि कोण कमी, अशी लोकांची रांग लावायला ती उपयोगी पडते. ‘नेहमीचे’ जाणायचे तर २४ तासांची मुलाखतही किमान दोन-तीनदा, एकमेकांना लागून नसलेल्या दिवशी घ्यावी. त्यात एक रविवार जरूर असावा.

मिठाच्या बाबतीत मात्र दोन्ही रीती तोकड्या पडतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. पण चटणीच्या बरणीत, लोणच्यात आणि पापडात गेलेले मीठ कोणी चमच्याने मोजून घातलेले नसते. तिथे पूर्ण २४ तासांची लघवी जमा करून तिच्यातले सोडियम मोजतात, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के त्याच वाटेने बाहेर पडते. लघवीतले १ ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ.