त्या पोस्टरांवर सही का नाही?

1968 साली, म्हणजे पॅरिस आणि इतरत्र विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटली तेव्हा, विशीत असलेली मंडळी आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे "चित्रकार, शिक्षक, कार्यकर्ते" अशी ओळख देणारे श्रद्धांजलीचे लेख हल्ली वरचेवर येतायत. आणि बहुतेकांत एक भगदाड असतं. चित्रांची यादी असते, कुठं शिकवलं ते असतं, पण ऐन आंदोलनातलं काम म्हणाल तर "असंख्य पोस्टरं केली" यावर भागवलेलं. यात लिहिणाऱ्याचा आळस नाही, पोस्टरवर कुणाचं नाव घालायचं नाही असं तेव्हा मुद्दामच ठरलं होतं.

पोस्टर छापून लोकांत जायचं हे काही 68 मध्ये सुरू झालं नाही. मेक्सिको सिटीत 1937 पासून चित्रकारांचा सामूहिक छापखाना होता, अमेरिकेत मंदीच्या काळात सरकारी पगारावरचे चित्रकार स्क्रीन प्रिंटिंगनं पोस्टरं काढायचे आणि सोबत कलावर्गही चालायचे. ते असो.

खरा मामला पॅरिसचा. 1968 च्या मेच्या मध्यावर विद्यार्थ्यांनी तिथलं कलामहाविद्यालय ताब्यात घेतलं. पहिलं पोस्टर लिथोवर (दगडावरून छापायची जुनी पद्धत) काढलं पण ते काम फार सावकाश, मग स्क्रीन प्रिंटिंग आलं. चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर स्टेन्सिल, शाई ओतायची, रबरी पट्टीनं एका दमात खेचायची आणि ओला कागद दोरीला टांगायचा. हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो, म्हणून कधी ब्रश न धरलेली माणसंही रात्रपाळीला उभी राहू शकली. रोज सभा भरायची, डिझाइनं समोर ठेवायची आणि प्रश्न दोनच: राजकीय मुद्दा बरोबर आहे का, आणि पोस्टरमधून तो नीट पोचतो का. पास झालं की छपाई, खाली कार्यशाळेचा शिक्का, नाव कुणाचंच नाही.

या "नाव नाही"वर आजही वाद होतात. एक बाजू म्हणते हे तत्त्व होतं, पोस्टर सगळ्यांचं. दुसरी म्हणते तत्त्व वगैरे नंतरचं, खरी भीती पोलिसांची. दुसरीत दम नाही असं नाही, कारण जूनमध्ये काही परदेशी चित्रकारांना खरंच देशाबाहेर काढलं आणि 27 जूनला पोलिसांनी ती जागाही रिकामी केली. पण नुसती भीतीच असती तर वातावरण निवळल्यावर नावं आली असती की! 1969 मध्ये त्या पोस्टरांचं पुस्तक निघालं, तेही सामूहिक नावानंच, आणि वर तंबी, की ही पोस्टरं शोभेला लावू नका, यांची जागा रस्त्यावर नि कारखान्यात आहे. माझ्या मते तत्त्वाचंच पारडं जड.

तीच पद्धत मग लंडनला गेली, आणि 1970 च्या मेमध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांनी कंप्युटरच्या वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर पोस्टरं छापली.

आणि आता? तीच पोस्टरं म्युझियममध्ये काचेआड आहेत, लिलावात विकली जातात, आणि घेणाऱ्याला नाव हवं असतं कारण नावावर किंमत चढते. म्हणून एखादे सर किंवा बाई गेल्या की "हे त्यांचंच" असे दावे निघतात. काहींनी हयातीत स्वतः सांगून टाकलं, सोबत्यांना ते खटकलं, काही शेवटपर्यंत गप्प राहिले. जे गप्प राहिले त्यांच्याबद्दल कॅटलॉगपेक्षा विद्यार्थ्यांना विचारलेलं बरं, चौकट कुणी ताणायला शिकवली हे तेच सांगू शकतात.