दोन रिसीव्हर, एक नोड: केबलच्या राखीव प्रकाशमार्गाचे गणित

पावसाळा सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात केबल गेल्याच्या तक्रारी वाढतात. त्यावर ‘आता नोडमध्ये दोन रिसीव्हर बसवले आहेत, यापुढे केबल जाणारच नाही’ असे आश्वासनही ऐकायला मिळते. नोड म्हणजे गल्लीतली ती पेटी, जेथे काचेच्या तंतूतून आलेला प्रकाश घेणारा रिसीव्हर असतो; दुसरा रिसीव्हर राखीव, पहिल्याचा मार्ग तुटला तर कामाला येणारा. या आश्वासनाचा पहिला भाग खरा असू शकतो. दुसरा भाग मात्र पहिल्यातून आपोआप निघत नाही, आणि तो का निघत नाही हे समजून घेण्यासाठी काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर कसे होते, तेथपर्यंत जावे लागते.

केबलच्या हेडएंडमध्ये, म्हणजे केबलचालकाच्या मुख्य केंद्रात, मोठ्या डिश उपग्रहांकडून वाहिन्या घेतात आणि त्या वाहिन्या डिजिटल स्वरूपात साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात शेजारी शेजारी मांडल्या जातात. हा संपूर्ण पट्टा लेझरच्या प्रकाशावर चढवला जातो. त्या प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी असते. काचेच्या तंतूतून दूरसंचार शक्य आहे असे अभियंते चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले, तेव्हा उपलब्ध काचेत प्रकाश काही मीटरांतच विरून जात असे. आज याच तरंगलांबीच्या प्रकाशाची घट दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल (डेसिबल हे शक्तीच्या गुणोत्तराचे माप: १० डेसिबल घट म्हणजे शक्ती एक दशांश) आहे आणि जोडांसह व्यवहारात ती ०.२५ धरतात. त्यातच १९८७ च्या सुमारास एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूचा प्रकाशवर्धक तयार झाला आणि मधे कोठेही विजेत रूपांतर न करता प्रकाशच वाढवता येऊ लागला. आपल्या गल्लीतील नोडपर्यंत प्रकाश येतो, तेथील ऑप्टिकल रिसीव्हर त्याचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो आणि पुढे तांब्याच्या कोअॅक्स वायरने त्या लहरी घरातील सेटटॉप बॉक्सपर्यंत जातात.

रिसीव्हरचे हृदय म्हणजे फोटोडायोड, प्रकाश पडला की विद्युतप्रवाह देणारा घटक. संगणकाच्या चिपमध्ये वापरतात ते सिलिकॉन येथे चालत नाही, कारण १५५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्यामुळे हा प्रकाश सिलिकॉनमधून आरपार निघून जातो. म्हणून इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिक यांचे मिश्र स्फटिक वापरतात, ज्यात सुमारे ०.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. एक मिलिवॅट प्रकाशात दर सेकंदाला सुमारे ७८ कोटी कोटी फोटॉन येतात आणि त्यांतील बहुतेक फोटॉन प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन मोकळा करतात. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी प्रकाशविद्युत परिणामाच्या स्पष्टीकरणात मांडलेला हाच हिशेब आहे: एक फोटॉन, एक इलेक्ट्रॉन. म्हणून प्रकाश जितका, तितका प्रवाह. प्रकाश निम्मा झाला की प्रवाहही निम्मा.

येथून पुढची गोष्ट मला या सर्व विषयात सर्वांत सुंदर वाटते. विद्युतशक्ती ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे आपण दहावीत शिकलेलो आहोत. फोटोडायोडमधला प्रवाह प्रकाशशक्तीच्या प्रमाणात आहे, म्हणून त्यातून मिळणारी विद्युतसंदेशाची शक्ती प्रकाशशक्तीच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते. प्रकाश निम्मा झाला तर संदेश निम्मा न होता पाव होतो, आणि प्रकाश एक तृतीयांश झाला तर संदेश एक नवमांश. डेसिबलच्या भाषेत सांगायचे तर प्रकाशात एक डेसिबल घट झाली की तारेतल्या संदेशात दोन डेसिबल घट होते. राखीव रिसीव्हर बसवणाऱ्याने हा एक नियम विसरला, तर बाकीचे सर्व काम चोख असूनही केबल जाते.

ते कसे, हे एका उदाहरणाने पाहू. समजा बेळगावच्या हेडएंडकडून खानापूरच्या एका नोडकडे दोन मार्ग आहेत: मुख्य मार्ग गोव्याच्या रस्त्याच्या कडेने २८ किलोमीटर, आणि राखीव मार्ग जांबोटीला वळसा घालून ४८ किलोमीटर. दोन्हींत ७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), म्हणजे सुमारे ५ मिलिवॅट प्रकाश सोडला. मुख्य मार्गावर ७ डेसिबल घट होऊन नोडला शून्य डीबीएम, अर्थात नेमका एक मिलिवॅट प्रकाश मिळेल. राखीव मार्गावर १२ डेसिबल घट होऊन उणे ५ डीबीएम, म्हणजे ०.३२ मिलिवॅट प्रकाश मिळेल. हा प्रकाश अगदीच कमी नाही, रिसीव्हरचा हिरवा दिवा त्यावरही लागतो. परंतु प्रकाशातला ५ डेसिबलचा फरक तारेत १० डेसिबलचा होतो, म्हणजे मुख्य रिसीव्हरवरून राखीव रिसीव्हरवर गेल्याक्षणी संदेशाची शक्ती एकदम एक दशांशावर येते. नोडजवळच्या घरांत कदाचित काही जाणवणार नाही, पण ओळीतल्या शेवटच्या घरांचे सेटटॉप बॉक्स आधीच किमान पातळीच्या जवळ असतात आणि तेथे पडदा निळा होतो.

यावर मुख्य रिसीव्हरच्या बाहेर १० डेसिबलचा पॅड (संदेश ठरावीक प्रमाणात घटवणारा तुकडा) लावून दोन्ही पातळ्या समान करता येतात, किंवा प्रकाशाचा सरासरी प्रवाह मोजून प्रत्येक डेसिबलमागे दोन डेसिबल भरपाई करणारी स्वयंचलित यंत्रणा असलेला रिसीव्हर घेता येतो. बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच काम थांबते, आणि ते पुरेसे नाही, कारण पातळी समान झाली तरी गोंगाट समान होत नाही. रिसीव्हरमध्ये गोंगाटाचे दोन महत्त्वाचे उगम असतात. एक म्हणजे अॅम्प्लिफायरच्या घटकांतील उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची होणारी चुळबुळ, जी प्रकाश कितीही असला तरी तेवढीच राहते. दुसरा म्हणजे फोटॉन सुटेसुटे आणि अनियमित अंतराने येत असल्यामुळे होणारा गोंगाट, जो प्रकाशाच्या प्रमाणात बदलतो. प्रकाश कमी होत गेला की संदेश वर्गाने घटतो आणि उष्णतेचा गोंगाट मात्र जागचा हलत नाही, म्हणून संदेश आणि गोंगाट यांचे गुणोत्तर दर डेसिबलमागे जवळजवळ दोन डेसिबलने बिघडते. नंतर कितीही वर्धन केले तरी संदेशाबरोबर गोंगाटही वाढतो. खरा उपाय हेडएंडकडेच आहे: लांबच्या मार्गात १२ डीबीएम प्रकाश सोडावा, म्हणजे दोन्ही रिसीव्हरांना शून्य डीबीएम मिळेल. तोही अमर्याद वाढवता येत नाही, कारण विशिष्ट मर्यादेपलीकडे काच स्वतःच प्रकाश मागे परतवू लागते. या परिणामाला ब्रिलुआँ विखुरण म्हणतात.

डिजिटल वाहिन्यांमुळे आणखी एक अडचण निर्माण झाली आहे. जुन्या अॅनालॉग चित्रात मुंग्या दिसू लागल्या की काहीतरी बिघडत आहे हे घरबसल्या कळत असे. डिजिटल चित्र शेवटच्या एक-दोन डेसिबलपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकाएकी चौकोन होऊन फुटते. म्हणून चित्र बघून निर्णय घेणे व्यर्थ आहे. मुख्य रिसीव्हरवरून राखीव रिसीव्हरवर नेणाऱ्या नोडमधल्या स्विचला प्रकाशाची पातळी मोजूनच ठरवावे लागते की आता मार्ग बदलायचा.

हा बदल कोणत्या पातळीला व्हावा, हे ठरवण्यात फार काळजी लागते. वरच्या उदाहरणात मुख्य प्रकाश उणे ४ डीबीएमखाली गेला की राखीव रिसीव्हर घ्यावा, असे ठरवले आणि परत येण्याची पातळीही उणे ४ च ठेवली, तर वाऱ्यात खांबांमधली तार झुलताना प्रकाश त्या रेषेच्या वरखाली होत राहील (१५५० नॅनोमीटरचा प्रकाश तंतू वाकल्यास १३१० च्या प्रकाशापेक्षा लवकर गळतो) आणि स्विच सारखा इकडून तिकडे उडत राहील. प्रत्येक उडीत काही मिलिसेकंद संदेश तुटतो. तेवढा खंड क्षुल्लक वाटेल, पण केबलच्या डिजिटल प्रसारणातली चूक-दुरुस्तीची व्यवस्था सलग सुमारे ९६ बाइटांपर्यंतचेच नुकसान भरून काढू शकते, आणि एका वाहिनीसमूहात सेकंदाला सुमारे ४१ दशलक्ष बिट धावत असल्याने हे ९६ बाइट २० मायक्रोसेकंदांच्या आतच निघून जातात. मिलिसेकंदाचा खंड त्याच्या पन्नासपट आहे. म्हणून एक उडी म्हणजे प्रत्येक घरात एक झटका, हे धरूनच चालावे. जाण्याची पातळी उणे ४ ठेवली तर परतण्याची उणे २ ठेवावी, तीही सलग दहा-पंधरा मिनिटे टिकली तरच ग्राह्य धरावी, आणि राखीव प्रकाश मुख्य प्रकाशापेक्षा दुबळा असेल तर स्विचने मुळीच हलू नये.

केवळ प्रकाश मोजणाऱ्या स्विचची एक उणीवही लक्षात ठेवली पाहिजे. हेडएंडमधल्या ट्रान्समीटरचा लेझर चालू राहिला आणि त्यावर वाहिन्या चढवणारा भाग बंद पडला, तर नोडला प्रकाश पूर्ण मिळतो, दिवा हिरवा राहतो, आणि चित्र कोठेही नसते. स्विचच्या दृष्टीने सर्व ठीक असल्यामुळे तो हलत नाही. म्हणून चांगल्या नोडमध्ये प्रकाशाबरोबर तारेतील एखाद्या ठरावीक वारंवारतेची पातळीही तपासली जाते. माझ्या मते राखीव रिसीव्हरसाठी खर्च करणाऱ्याने ही सोय असलेलाच नोड घ्यावा.

आता त्या आश्वासनाकडे वळू. एक मार्ग वर्षाच्या एक टक्का वेळ बंद असतो असे धरले, तर ते वर्षाला सुमारे ८८ तास होतात. दोन मार्ग परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. हा लाभ खरोखर मोठा आहे. परंतु त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द काढला की हिशेब कोसळतो. बिघाडांपैकी फक्त एक दशांश जरी दोन्ही मार्गांना सामाईक असले, तरी केबल वर्षाला जवळजवळ नऊ तास बंद राहील, म्हणजे अपेक्षेच्या दहापट. आमच्या भागात सामाईक कारणे उघड दिसतात: दोन्ही तंतू एकाच ओएफसीमध्ये (अनेक तंतू असलेल्या जाड केबलमध्ये) असतात आणि रस्तारुंदीकरणातल्या जेसीबीचा एक घाव दोन्हींना पुरतो, दोन्ही तारा एकाच खांबावर असतात आणि एकच झाड त्या पाडते, दोन्ही मार्ग नदी ओलांडताना एकाच पुलाच्या पाइपात शिरतात. सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे दोन रिसीव्हरांना एकच पॉवर सप्लाय. एका विहिरीवर दोन मोटारी बसवून वीजजोड एकच घेतल्यावर जे होते, तेच येथे होते. मुसळधार पावसात खानापूरच्या आतल्या गावांत वीज जास्त वेळ जाते, म्हणून तेथे दुसऱ्या रिसीव्हरपेक्षा दुसरी बॅटरी आधी हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

राखीव रिसीव्हर ज्यावर मुळीच उपाय नाही, अशी एक घटना दर वर्षी मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास घडते. काही दिवस, दिवसा ठरावीक वेळी, काही मिनिटे बऱ्याच वाहिन्या एकदम फुटतात. त्याचा संबंध अमावास्येशी किंवा ग्रहणाशी लावला जातो, ग्रहणात केबलची पेटी बंद ठेवण्याचा सल्लाही दिला जातो. दोन्हींना कोणताही आधार नाही. विषुवदिनाच्या आसपास डिशवरून पाहताना सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि सूर्याच्या रेडिओ लहरींत उपग्रहाचा क्षीण संदेश बुडतो. ही वेळ कॅलेंडरवर आधीच काढता येते. हेडएंडमध्येच चित्र फुटलेले असल्यामुळे नोडमधले दोन्ही रिसीव्हर ते फुटलेले चित्र इमानदारीने पुढे पाठवतात.

बसवलेली राखीव व्यवस्था बिघडली तरी कोणाला कळत नाही, कारण ती बिघडल्याने कोणाचेही चित्र जात नाही. राखीव मार्गाचा तंतू फेब्रुवारीत तुटला, तर त्याचा पत्ता जूनमध्ये मुख्य मार्ग तुटल्यावरच लागतो. म्हणून मृग लागण्यापूर्वी प्रत्येक नोड उघडावा. अनेक रिसीव्हरांवर एक छोटा चाचणी-बिंदू असतो, जेथे एक मिलिवॅट प्रकाशाला एक व्होल्ट मिळतो. साध्या मल्टिमीटरची टोके तेथे टेकवली की ०.९८ किंवा ०.३२ असा आकडा समोर येतो आणि प्रकाशाचा हिशेब त्यातून सरळ लागतो. आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी असेल तर आधी कनेक्टर पाहावा. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते, त्याला निळा कनेक्टर जोडला तर दोन टोके नीट भिडत नाहीत. तसेच प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रोमीटरचा असल्यामुळे धुळीचा एक कणही पुरेसा घात करतो. त्यानंतर रात्री उशिरा मुख्य मार्गाची पॅचकॉर्ड (तंतू रिसीव्हरला जोडणारा छोटा तुकडा) प्रत्यक्ष काढून स्विच हलतो का, शेवटच्या घराची पातळी किती उतरते, आणि पॅचकॉर्ड परत लावल्यावर ठरलेल्या मिनिटांनी तो परततो का, हे तिन्ही पाहावे. ते आकडे नोडच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावेत.

चाळीस-पन्नास घरांच्या नोडला हा सर्व खर्च परवडेलच असे नाही. तेथे दोन तंतूंमधून एक निवडणारा ऑप्टिकल स्विच आणि पुढे एकच रिसीव्हर, अशी रचना स्वस्त पडते. फोटोडायोड सहसा वर्षानुवर्षे टिकतो, तुटतो तो तंतू आणि जाते ती वीज. निपाणी किंवा चिकोडीसारख्या गावात मात्र एका नोडवर शेकडो घरे आणि त्यांचे इंटरनेटही अवलंबून असते. तेथे दोन रिसीव्हर, दोन पॉवर सप्लाय आणि दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेले तंतू, हे तिन्ही एकत्रच घ्यावेत.