‘साभार: इंटरनेट’ने काही होत नाही

गणपती जवळ आले की सावंतवाडीपासून गुहागरपर्यंत बॅनर आणि पत्रिका छापणाऱ्यांची लगबग सुरू होते, आणि जुना समजही फिरू लागतो: गूगलवर दिसलेलं चित्र फुकट, खाली ‘साभार: इंटरनेट’ टाकलं की झालं. (इंटरनेट नावाच्या चित्रकाराचे आभार!) तसं नाही. गूगल चित्र शोधून देतं, त्याची मालकी देत नाही.

भारतात चित्रकाराच्या निधनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षं चित्राचा कॉपीराइट, म्हणजे छापण्याचा हक्क, राहतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. पण हातात दिवा घेतलेली ती प्रसिद्ध स्त्री? लोक तीही रविवर्म्यांच्या नावावर खपवतात. ते जलरंगचित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं, मूळ म्हैसूरला आहे. हळदणकर 1968 मध्ये गेले, म्हणजे सर्वसाधारण हिशेबाने 2028 संपेपर्यंत थांबायला हवं. जुनं दिसतं म्हणून मोकळं, असं नसतं.

खात्रीची चित्रं हवीत तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या संकेतस्थळावर ‘ओपन अ‍ॅक्सेस’वर खूण करून शोधा. मोठ्या आकारात उतरवता येतात, छापून विकलीत तरी चालतं. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियमही असंच उदार. विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या ऑनलाइन संग्रहावर मात्र प्रत्येक चित्राखालचा परवाना वाचा: ‘पब्लिक डोमेन’ (हक्कमुक्त) असेल तर अट नाही, ‘सीसी बाय’ (CC BY) हा परवाना असेल तर चित्र करणाऱ्याचं नाव देणं सक्तीचं. तेही माणसाचं, इंटरनेटचं नव्हे.