चौघींची मैत्री आणि तीन कादंबऱ्यांची एक पटकथा

एकच जीन्स आळीपाळीने वापरणाऱ्या चार मैत्रिणींची कथा सांगणाऱ्या ‘द सिस्टरहूड ऑफ द ट्रॅव्हलिंग पँट्स’ या चित्रपटाचा दुसरा भाग ६ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश परीक्षणे त्याला अनुकूल होती; २००५ च्या पहिल्या भागाला मात्र पाचांपैकी जवळपास चार समीक्षकांनी पसंती दिली होती. या घसरणीचा दोष अभिनयाला देता येत नाही, कारण चौघी अभिनेत्रींमधील जिव्हाळा नाराज समीक्षकांनाही भावला होता. खरा वाद पटकथेचा आहे.

मूळ चार कादंबऱ्या २००१ ते २००७ या काळात आल्या. दुसऱ्या चित्रपटाने दुसऱ्या कादंबरीपासून सुरुवात न करता मुख्य कथानक चौथीतून घेतले आणि मधल्या दोन कादंबऱ्यांतील काही धागे त्यात ओवले. चौघींपैकी ब्रिजेटचे तुर्कस्तानातील उत्खनन चौथ्या कादंबरीतले, तर तिची आजीशी भेट दुसरीतली. कादंबऱ्यांत या दोन प्रसंगांमध्ये दोन वर्षांचे अंतर आहे आणि चित्रपटात ते एकाच उन्हाळ्यात घडतात. आईच्या मृत्यूचे दुःख तिला उमगत जाते, त्यासाठी लागणारा अवधी त्यामुळे उरत नाही. या निर्णयामागचे कारण मात्र समजण्यासारखे आहे. तीन वर्षांत अभिनेत्री मोठ्या झाल्या होत्या आणि त्यांना पुन्हा शाळकरी मुली म्हणून उभे करणे पटले नसते. पहिल्या भागात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलीच्या प्रसंगांनी साऱ्या कथेला वजन दिले होते. दुसऱ्या भागाला तसा कणा मिळाला नाही, आणि कथा विखुरल्याची तक्रार मला म्हणूनच रास्त वाटते.

तरीही एका धाग्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असे माझे मत आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या नाट्यमहोत्सवात पडद्यामागे काम करायला गेलेल्या कार्मेनला, म्हणजे चौघींपैकी आणखी एकीला, शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकात राजकन्या पर्डिटाची भूमिका मिळते. देवळासमोरच्या मांडवात उत्सवी नाटके पाहत वाढलेल्या गोमंतकीय प्रेक्षकाला पडद्यामागून रंगमंचावर येतानाची ती धास्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिच्या आत्मविश्वासाचा हा प्रवास चित्रपटातील सर्वांत सलग भाग आहे.

त्याच वर्षी ३० मे रोजी ‘सेक्स अँड द सिटी’ आल्यामुळे मोठ्या वयाच्या चार मैत्रिणींच्या त्या कथेशी तुलना अटळ ठरली. दोन्ही भागांची जगभरातील कमाई मात्र सारखीच, म्हणजे प्रत्येकी चार कोटी डॉलरांच्या थोडी वर राहिली.

२०११ मध्ये दहा वर्षांनंतरची कथा सांगणारी पाचवी कादंबरी आली. तिच्यात चौघींपैकी एकीचा मृत्यू होतो, त्यामुळे हरवलेली ती जीन्स शोधण्यासाठी चौघी ग्रीसमधील सँटोरिनी बेटावर एकत्र येतात तो चित्रपटाचा शेवट वाचकांना आता अधिक जड वाटतो. तिसऱ्या चित्रपटाची चर्चा पुढे अनेकदा झाली, पण तो अद्याप झालेला नाही.